जुन्या मोटारीच्या निष्कास-नळ्या

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की भनपुरीची औद्योगिक वसाहत लागते. पोलादाच्या रोलिंग मिल, वजनकाटे, मालमोटारींच्या रांगा आणि त्या मालमोटारी चालत्या ठेवणारी लहानमोठी दुरुस्तीची दुकाने असे या वसाहतीचे स्वरूप आहे. पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरांवर भिलाई आहे. तेथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि या मुलखाचे लोखंडाशी असलेले नाते पक्के झाले. त्याच सुमारास हुगळीकाठच्या उत्तरपाड्यातील हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातून अँबॅसडर ही मोटार बाहेर पडू लागली. सरकारी कचेऱ्या, पोलाद कारखान्याचे अधिकारी, कंत्राटदार, डॉक्टर या सर्वांची ती अनेक वर्षे ठरलेली गाडी होती. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आता ज्यांच्याकडे ती उरली आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांनी ती हौसेने आणि जिव्हाळ्याने सांभाळली आहे.

अशा जुन्या गाडीचा मालक केव्हा ना केव्हा एका प्रश्नापाशी येऊन ठेपतो. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड तडकलेला असतो, किंवा त्याचे कान मोडलेले असतात. नवा मिळत नाही आणि वेल्डिंग टिकत नाही. मग कोणीतरी सुचवितो, की पोलादी नळ्यांचा हेडर बसवा. गाडीला जोर येईल, आवाजही भारदस्त होईल. या सल्ल्यात तथ्य किती आणि हौस किती, हे ठरविण्यासाठी या नळ्यांचे कार्य प्रथम समजून घेणे इष्ट होय.

एंजिनात इंधन जळून उरलेले वायू बाहेर टाकण्याच्या क्रियेला निष्कास म्हणतात. चार सिलिंडरांच्या निष्कास-द्वारांतून निघणारे वायू एकत्र करून एका नळीत सोडणारा जो बिडाचा ओतीव भाग, तो मॅनिफोल्ड. हेच काम स्वतंत्र पोलादी नळ्या वाकवून, जोडून केले म्हणजे त्यास हेडर असे नाव मिळते. दोहोंचे काम एकच असले, तरी रीत वेगळी आहे.

पन्हळीतून पावसाचे पाणी संथपणे वाहावे तसे हे वायू वाहत असतील, अशी सर्वसामान्य कल्पना असते. वस्तुस्थिती तशी नाही. निष्कास झडप उघडताच सिलिंडरातील दाबाखालचा वायू धडाक्याने नळीत शिरतो; मग क्षणभर शांतता; मग पुन्हा धडाका. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ असे धडाके देतो आणि चार मिळून १०० होतात. प्रत्येक धडाक्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला ५५० मीटरांच्या आसपास असतो. साध्या हवेतील ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक. नळी जेथे मोठ्या नळीत किंवा मोकळ्या हवेत उघडते, तेथून ही लाट उलटते; मात्र उलटताना तिचा स्वभाव बदलतो. दाबाची लाट गेलेली असते, ओढीची लाट परत येते. ती झडप मिटण्याच्या सुमारास येऊन पोचली, तर सिलिंडरात रेंगाळलेले जळके वायू ओढून नेते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. हेडरची सारी कीर्ती या योगायोगावर उभी आहे.

योगायोग म्हणण्याचे कारण असे. नव्वद सेंटिमीटर लांबीच्या नळीतून लाटेला जाऊन परत येण्यास सेकंदाच्या सुमारे तीन सहस्रांशाहून किंचित अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात ३,००० फेऱ्यांच्या गतीला क्रँकशाफ्ट सुमारे ६० अंश फिरतो, ६,००० फेऱ्यांच्या गतीला १२० अंश. लाटेचा वेळ तोच, पण एंजिन मात्र दुसऱ्याच अवस्थेला जाऊन पोचलेले. सबब कोणतीही नळी सर्व गतींना सारखी लाभदायक होऊ शकत नाही. शर्यतीच्या मोटारीसाठी ६,००० फेऱ्यांना जुळविलेली नळी ३,००० फेऱ्यांना जुळवावयाची, तर ती दुप्पट लांब करावी लागेल, आणि तेवढी जागा बॉनेटखाली नसते. अँबॅसडरचे जुने पेट्रोल एंजिन आपली जास्तीत जास्त शक्ती, म्हणजे सुमारे ५५ अश्वशक्ती, ४,४०० फेऱ्यांच्या आसपास देते. आणि रस्त्यावर चालविणारा मनुष्य बहुतेक वेळ त्याच्या पुष्कळच खाली असतो. त्यातून या एंजिनात दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ शर्यतीच्या एंजिनाच्या मानाने फारच थोडा आहे, म्हणजे ओढीच्या लाटेला काम करण्यास फटही अरुंद. शर्यतीच्या मोटारींवरून घेतलेली मापे येथे निरुपयोगी ठरतात, ती यामुळे.

मग हेडरचा उपयोगच नाही काय? आहे, पण तो दुसऱ्या बाजूने. निष्कास झडप क्रँकशाफ्टच्या अर्ध्या फेऱ्यापेक्षा, म्हणजे १८० अंशांपेक्षा अधिक काळ उघडी असते. सर्वसाधारण एंजिनात सुमारे २३० अंश. दर १८० अंशांनी मात्र पुढच्या सिलिंडराची पाळी येते. याचा अर्थ असा, की एका सिलिंडराचा निष्कास संपत आलेला असताना दुसऱ्याचा धडाका सुरू होतो. दोघांच्या नळ्या जवळच एकत्र येत असतील, तर नव्या धडाक्याचा दाब जुन्या सिलिंडराच्या तोंडात शिरतो. वारीत दिंड्यांना क्रम ठरवून दिलेला असतो, म्हणून अरुंद रस्त्यावरूनही त्या एकमेकींना न अडविता जातात. क्रम मोडला की खोळंबा होतो. येथेही तसेच. या एंजिनाचा ज्वलनक्रम १-३-४-२ असा आहे. म्हणजे पहिला आणि चौथा, तसेच दुसरा आणि तिसरा, यांच्या धडाक्यांत पूर्ण एका फेऱ्याचे अंतर असते. या जोड्या आधी एकत्र कराव्यात, आणि त्या दोन वाटा पुढे शक्य तितक्या दूर मिळू द्याव्यात, म्हणजे कोणी कोणाच्या आड येत नाही. चारांच्या दोन आणि दोनांची एक, अशी ही रचना आहे. चारही नळ्या एकदम एका ठिकाणी आणून जोडण्याची दुसरी रचना अतिवेगवान एंजिनासाठी ठीक. घरच्या गाडीसाठी पहिलीच बरी.

अँबॅसडरच्या बाबतीत तर एंजिन घडविणाऱ्यांनीच या कामाचा अर्धा भाग करून ठेवला आहे. तिचे १,४८९ घन सेंटिमीटरांचे एंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील. सिलिंडराचा व्यास ७३ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर. या एंजिनाच्या शीर्षाला, गॅरेजच्या भाषेत हेडला, निष्कास-द्वारे चार नसून तीनच आहेत. दोन्ही टोकांच्या सिलिंडरांना स्वतंत्र द्वार आणि मधल्या दोघांत मिळून एक. म्हणून या एंजिनाच्या हेडरला नळ्याही तीनच हव्यात, आणि ‘चार नळ्यांचा हेडर’ दाखविणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहणे बरे. टोकांच्या दोन नळ्या खाली एकत्र येतात. मधली नळी एकटीच लांबवर जाते आणि नंतर त्यांच्या नळीत मिळते. ब्रिटनमध्ये या जातीच्या एंजिनांसाठी लांब मध्यशाखेचे हेडर पूर्वापार विकले जातात, ते याच तत्त्वावर. एम्.जी. कंपनीच्या त्या काळातील खेळगाड्यांत बी-मालिकेचेच एंजिन असल्याने त्यांच्यासाठी केलेला हेडर मागविण्याचा मोह होतो. हेडशी होणारी त्याची बैठक जुळण्याचा संभव असतो, पण खालची वळणे दुसऱ्या गाडीच्या पोटासाठी काढलेली असतात. अँबॅसडरच्या पुढल्या चाकांना झेलणारे पीळदांडे एंजिनाच्या दोन्ही अंगांनी लांबवर मागे गेलेले आहेत. नळी त्यांना घासता कामा नये; आणि एंजिन रबरी बैठकींवर डोलत असल्याने गाडी उभी असताना दिसणारे बोटभर अंतर चालताना उरेलच, असे नाही.

अर्थात आधी बॉनेट उघडून आपल्या गाडीत कोणते एंजिन आहे, ते पाहावे. १९९० च्या दशकात अँबॅसडरला इसुझू कंपनीचे १.८ लिटरचे पेट्रोल एंजिन मिळाले. त्याची रचनाच निराळी, आणि वरील हिशेब त्याला लावता येत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घन सेंटिमीटरांचे फियाट घराण्याचे एंजिन आणखी वेगळे. डिझेल अँबॅसडरच्या मालकाने हे प्रकरण येथेच मिटले तरी चालेल.

नळीच्या जाडीसंबंधी एक गैरसमज फार रूढ आहे. नळी जितकी मोठी तितके एंजिन मोकळे, असे समजून मालमोटारीच्या मापाच्या नळ्या लहान गाडीला लावल्या जातात. आतला व्यास ३८ मिलिमीटरांऐवजी ४५ केला, तर नळीचे क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी वाढते आणि वायूचा वेग त्याच प्रमाणात घटतो. मंदावलेल्या प्रवाहाला मागच्या वायूला ओढून नेण्याचा जोर राहत नाही. परिणामी ज्या खालच्या गतीला ही गाडी चालते, तेथेच ती अधिक सुस्त होते. वरच्या गतीला जो लाभ व्हावा, तेथपर्यंत ती क्वचितच जाते. आवाज मात्र वाढतो, आणि वाढलेल्या आवाजाला वाढलेली शक्ती समजणे हा मनुष्यस्वभाव आहे. निष्कास-द्वाराच्या मापाहून नळी किंचितच मोठी असावी. लहान तर कधीच नसावी, कारण मग द्वाराच्या तोंडाशी पायरी तयार होऊन वायू अडतो.

भनपुरीसारख्या ठिकाणी लोखंडाची वाण नाही. अडचण आहे ती योग्य नळी ओळखण्याची. पाण्याच्या नळासाठी मिळणारा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप या कामी कदापि वापरू नये. तो गरजेपेक्षा जड असतो, आणि त्याहून महत्त्वाचे असे, की वेल्डिंगच्या उष्णतेत जस्ताचा धूर निघतो व तो वेल्डरच्या छातीत जाऊन त्याला थंडीतापाने आडवे करतो. साध्या पोलादाची, सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची, बिनमुलाम्याची नळी पुरेशी आहे. त्याहून पातळ नळी हलकी खरी, पण गंजून लवकर भोके पडतात. गंज बाहेरूनच चढतो असे नाही. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली, नळ्या पुरत्या तापल्याच नाहीत, की ही वाफ नळीतच गोठते. जी गाडी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालते, तिच्या नळ्या रोज दूरवर जाणाऱ्या गाडीपेक्षा आधी सडतात.

स्टेनलेस पोलाद गंजत नाही, पण ते तापल्यावर अधिक पसरते. साठ सेंटिमीटरांची नळी ५०० अंशांनी तापली, तर साधे पोलाद सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते, स्टेनलेस पाच मिलिमीटर. नळी दोन्ही टोकांना घट्ट जखडलेली असेल, तर ही वाढ कोठेतरी तडा पाडूनच वाट काढते. म्हणून एखादा सरकता जोड ठेवणे आणि मागची नळी लवचिक टांगणीवर टांगणे, हे कोणत्याही धातूच्या हेडरला आवश्यक होय.

नळी वाकविण्याचे कामही पाहून घ्यावे. यंत्राच्या साध्या दाबाने वाकविलेली नळी बाकाशी चपटी होते आणि द्वाराशी जपलेले माप तेथे हरवते. आतून आधार देऊन वाकविणारे यंत्र नसेल, तर कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडे बंद करून, तापवून वाकविण्याची जुनी रीत आहे. वाळूत ओल राहिली, तर वाफेच्या दाबाने तोंडाचे बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. म्हणून वाळू आधी भाजून घेणारा कारागीर आपले काम जाणतो, असे समजावे.

सर्वांत अधिक काळजी फ्लँजची, म्हणजे हेडला भिडणाऱ्या पट्टीची घ्यावयाची. ती आठ ते दहा मिलिमीटर जाड असावी. वेल्डिंग करताना ती धनुष्यासारखी वाकते. हे टाळण्यासाठी भंगारातले एखादे जुने हेड मिळवून फ्लँज त्यावर बोल्टांनी आवळावी आणि मगच नळ्या जोडाव्यात. काम झाल्यावर सरळ पट्टी ठेवून फट तपासावी, आणि असल्यास घासून सपाट करावी. या एंजिनात आणखी एक मेख आहे. मिश्रण आत नेणारा मॅनिफोल्ड आणि निष्कासाचा मॅनिफोल्ड हे दोन्ही हेडच्या एकाच अंगाला असून, काही स्टडवरचे जाड वॉशर दोघांच्याही फ्लँजवर अर्धे अर्धे बसतात. हेडरची फ्लँज शेजारच्या फ्लँजपेक्षा जाड किंवा पातळ झाली, तर वॉशर तिरका बसतो आणि दोहोंपैकी एक जोड सैल राहतो. आत नेणारा जोड सैल राहिला, तर फाजील हवा शिरून मिश्रण पातळ होते आणि झडपा जळतात. निष्कासाचा सैल राहिला, तर प्रश्न एंजिनापुरता उरत नाही. निष्कास-वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो मारक आहे. जुन्या गाडीच्या पुढच्या पत्र्याला तारा आणि पेडल जाण्यासाठी पाडलेल्या छिद्रांची रबरे सहसा झिजून गेलेली असतात. काचा लावून चाललेल्या गाडीत डोके जड होऊ लागले, तर थकव्याला दोष देण्यापूर्वी गाडी थांबवून सर्वांनी बाहेर यावे आणि फ्लँजचे जोड तपासून घ्यावेत. या एका कारणासाठी तरी ओबडधोबड हेडरपेक्षा जुना, पण अभंग मॅनिफोल्ड कधीही चांगला.

उष्णतेचा विचारही स्थळकाळ पाहून करावा लागतो. मूळ रचनेत बिडाच्या मॅनिफोल्डची ऊब वरच्या मॅनिफोल्डच्या मध्यभागी पोचते, म्हणजे थंडीत पेट्रोलचे थेंब न राहता चांगली वाफ होते. इंग्लंडच्या हिवाळ्यासाठी ही योजना मोलाची होती. हेडर बसविल्यावर ती नाहीशी होते. रायपूरच्या सौम्य हिवाळ्यात सकाळची काही मिनिटे एंजिन कुरकुरेल, इतकेच. येथे खरा शत्रू मे महिना आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास, गाडी रेल्वेच्या फाटकाशी उभी, आणि कार्बोरेटरच्या अगदी खाली लालभडक नळ्या. अशा वेळी पेट्रोल कार्बोरेटरातच उकळू लागते आणि फाटक उघडले तरी गाडी निघत नाही. बिडाच्या जाड भिंतीपेक्षा पातळ पोलादी नळी भोवतालच्या हवेला अधिक उष्णता देते, हे विसरून चालणार नाही. यावर नळ्यांना दोरी गुंडाळण्याचा उपाय केला जातो. पूर्वी ही दोरी ॲस्बेस्टॉसची असे. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसात जाऊन कर्करोग होतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. तेव्हा जुन्या साठ्यातली अशी दोरी किंवा पॅकिंग कोणी देऊ केले, तर घेऊ नये. काचतंतूची पट्टी सुरक्षित असली, तरी ती पावसाळ्यात ओल धरून साध्या पोलादाला खाते. त्यापेक्षा नळ्या आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये, दोहोंपासून थोडे अंतर राखून, ॲल्युमिनियमचा आडपडदा बसविणे सोपे आणि स्वस्त पडते.

हेडर बसविल्यानंतर मिश्रणाचे प्रमाण पुन्हा जुळवावे. प्लगचे टोक पांढुरके दिसू लागले, तर मिश्रण पातळ झाले असे समजावे. प्रदूषण तपासणीत भारत स्टेज दोनच्या पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. गाडी त्यात बसते की नाही, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. सायलेन्सर काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो सक्तीचा आहे. नव्या जोडाचे नट पहिल्या लांब फेरीनंतर, एंजिन थंड झाल्यावर, एकदा पुन्हा आवळावेत. पहिल्या तापण्यात पॅकिंग दबून जोड सैल पडतोच.

एवढे करून पदरात काय पडते? एंजिन मुळात धडधाकट असेल, झडपांच्या फटी बरोबर असतील, तर मधल्या गतीला चढावर थोडा सहजपणा जाणवतो. ५५ अश्वशक्तीचे एंजिन ७० अश्वशक्तीचे होत नाही. झिजलेल्या एंजिनात तर हेडरचा खर्च चुलीत घातल्यासारखा. तोच पैसा झडपा घासण्यावर खर्च झालेला बरा.

आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेली खासगी गाडी या वर्गात येऊ शकते, पण ती मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बांध्यात किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९७० च्या दशकारंभीच्या अँबॅसडर गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. हेडर बोल्टांनी बसतो आणि बोल्टांनीच निघतो, ही त्याची मोठी सोय. हेड खरवडून द्वारे मोठी केली, तर ती परत लहान करता येत नाहीत. म्हणून हेडरच्या निमित्ताने हेडला हात लावू देऊ नये. काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड तडकलेला असला, तरी भनपुरीच्या भंगारात वजनावर घालू नये. तापवून, बिडासाठी असलेल्या निकेलच्या कांडीने जोडून, सावकाश थंड करणारा कारागीर मिळाला, तर तो पुष्कळदा पुन्हा कामाचा होतो. तोपर्यंत त्याला तेलाचा हात द्यावा, त्याचे स्टड आणि वॉशर एका डब्यात घालून डब्यावर गाडीचा क्रमांक लिहावा, आणि गोणपाटात गुंडाळून त्याला कोरड्या जागी ठेवावे.